बर्फासाठी उचललेली गाडी

माझ्या मुलीची गाडी इतकी बुटकी होती, की बंपरखाली माझी मूठ कशीबशी जायची. कुवेतमध्ये बनेद अल-गारला आमच्या इमारतीच्या तळघरात पार्किंग आहे. तिथल्या उताराच्या टोकाशी गाडी आली, की पोटाखाली खर्रकन आवाज व्हायचा आणि आमचा हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार, खोलीतून बाहेर न बघताच गेटाचं बटण दाबायचा. पुढे मुलगी उतारावर गाडी तिरकी घालायला शिकली आणि तो आवाज थांबला.

ती कुवेतमध्येच वाढली. पुण्यात सिव्हिल इंजिनीअरिंग करून परत आली, मिरकाबमधल्या एका सल्लागार कंपनीत लागली आणि वर्षभरात तिनं ही जुनी राखाडी सेडान घेतली. मग तिचे स्प्रिंग बदलून, उंची कमी-जास्त करता येईल असं सस्पेन्शन बसवून तिनं गाडी पार रस्त्याला टेकवली. माझ्या नवऱ्यानं एकदा त्या गाडीत बसून पाहिलं आणि उतरताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, की यापेक्षा सतरंजीवर बसणं सोपं. मला मात्र हळूहळू ती गाडी आवडायला लागली होती. वळणावर ती डुलायची नाही, आणि माझी मुलगी ती चालवताना फार शांत असायची. घरात ती इतकी शांत कधीच नसते.

डिसेंबरात तिच्या ऑफिसातल्या एका वरिष्ठांनी बेत काढला. जानेवारीत सौदी अरेबियात तबूकच्या पुढे एका डोंगरावर बर्फ पडतं. कुवेत, सौदी, कतार, सगळीकडची माणसं ते बघायला गाड्या घेऊन जातात. हे वरिष्ठ आमच्या नाशिकचेच, त्यामुळे आमचं घरी येणं-जाणं होतं. ते, त्यांची बायको आणि दोन लहान मुलं त्यांच्या मोठ्या फोर-व्हील-ड्राइव्हमधून निघणार होते. तुम्हीही चला, म्हणाले. मुलगी लगेच तयार झाली. मीही सुट्टी टाकली. नवऱ्याच्या रिफायनरीत देखभालीचं शटडाउन चालू होतं, म्हणून तो येऊ शकत नव्हता.

त्या वरिष्ठांनी हसत हसत सांगितलं, "तुझी ती गाडी घरीच राहू दे. आमच्यात जागा आहे." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. खरंतर सगळ्यांचंच मत तसं होतं. मीही तिला म्हटलं, की उंच गाडी भाड्यानं घेऊ.

"आई, ती गाडी मला कळणार नाही," ती म्हणाली. "ही कळते. हिचं काय होतंय ते मला सीटमधून कळतं." पुढचं सगळं ती इंग्रजीत बोलली. सांगायचं तात्पर्य इतकंच, की बर्फात उंचीपेक्षा टायरचं काम मोठं असतं आणि ती महिनाभर घेऊन गाडी नीट तयार करणार होती. जमलं नाही तर गाडी घरी ठेवायची, हेही तिनंच कबूल केलं.

ती गाडी ज्यांच्याकडे न्यायची ते भाई मूळचे रायगडातल्या म्हसळ्याकडचे. सुलैबियात त्यांचं गॅरेज आहे. त्यांच्या मराठीत समुद्रकाठचा हेल आहे आणि कुवेतमध्ये तीसएक वर्षं काढूनही तो गेलेला नाही. मुलगी त्यांना चाचा म्हणते. बर्फाचं नाव ऐकून ते आधी हसले, मग स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "बस. काय करायचं ते सांग."

पहिली गोष्ट उंची. भाईंचं म्हणणं, सस्पेन्शनचे आटे वरच्या टोकापर्यंत फिरवून गाडी जमेल तितकी उचलू. मुलगी नाही म्हणाली. पार टोकाला नेली तर चाकाला खाली जायला जागा उरणार नाही, खड्ड्यात चाक हवेत राहील, आणि बर्फावर चाक हवेत राहणं म्हणजे पकड गेलीच. दोघांचं बराच वेळ जुंपलं. शेवटी गाडी लिफ्टवर घेऊन दोन्ही पद्धतींनी करून पाहिली. मधली उंची ठरली. मी माझं माप घेतलं. आधी नुसती मूठ जात होती, आता मूठ आणि वर उभा अंगठा जात होता. उंची बदलली की चाकांचे कोन बिघडतात, म्हणून अलाइनमेंट पुन्हा करून घेतली. बंपरखाली तिनं हौसेनं लावलेली काळी पट्टी तिनं स्वतः स्क्रू काढून उतरवली. ती लावताना किती दिवस खपली होती ते मला माहीत होतं.

दुसरा वाद पोटाखालच्या पत्र्यावरून झाला. भाई म्हणत होते, की इंजिनाच्या तेलाच्या टाकीखाली ॲल्युमिनियमचा जाड पत्रा बसवायचा. मुलीला उगाच वजन नको होतं. "बर्फ मऊ असतंय, त्याखालचा दगड मऊ नसतो," भाई म्हणाले, आणि त्या वादात ते जिंकले. पत्रा त्यांनी स्वतः कापून, कडा वळवून बसवला. परत आल्यावर त्या पत्र्यावर एक लांब ओरखडा होता. भाईंनी त्यावरून नुसतं बोट फिरवलं.

टायरवर मात्र मुलगी हटली नाही. तिच्या गाडीला मोठ्या रिम आणि पट्टीसारखे पातळ टायर होते. वाळवंटात इथली माणसं वाळूत शिरताना टायरची हवा कमी करतात, तसंच बर्फातही करतील असं भाईंना वाटत होतं. तिनं समजावलं, की इथे मिळणारे टायर उन्हाळ्याचे असतात, थंडीत त्यांचं रबर कडक होतं आणि मग हवा कमी करून काही उपयोग नाही. बर्फाचे टायर मऊ रबराचे असतात. असे टायर कुवेतच्या दुकानांत कुठले मिळायला. तिनं ते जर्मनीहून मागवले. गाडीच्या मूळच्या लहान रिम भाईंच्या गोदामात होत्या, त्यांवर ते बसवले. आता चाकं बारीक आणि टायर जाडजूड दिसू लागले. इतकी नटवलेली गाडी साध्या ऑफिसच्या गाडीसारखी दिसायला लागली, आणि हारिसनं तळघरात विचारलं, की जुनी विकली का.

माझं काम वेगळं होतं. मी पेट्रोकेमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे, त्यामुळे द्रव पदार्थ माझ्याकडे आले. कुवेतमध्ये रेडिएटरमध्ये कित्येक जण साधं पाणीच भरतात, कारण इथे काळजी उकळण्याची असते, गोठण्याची नाही. मी तिच्या रेडिएटरमधला नमुना काढला, आणि काच धुण्याच्या टाकीतलं निळं पाणी काढलं. दोन्ही प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरून घरच्या फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी ठेवलं. वर कागद चिकटवला, 'पिऊ नये'. सकाळी निळं पाणी दगड झालं होतं आणि बाटली फुगून तिचं बूड गोल झालं होतं. रेडिएटरच्या नमुन्यात बर्फाचा चुरा तरंगत होता. मी मुलीला उठवून दाखवलं. ती डोळे चोळत ती बाटली हातात फिरवत राहिली, मग म्हणाली, "हे रस्त्यात झालं असतं तर?" त्यानंतर मी कूलंट, म्हणजे पाण्याला गोठू न देणारा द्रव, पाण्यात निम्मं-निम्मं करून नव्यानं भरायला लावलं आणि काचेच्या पाण्यात अल्कोहोल घालून माझं मिश्रण बनवलं. ती दोन्ही फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवूनही पातळच राहिली. नवऱ्यानं शटडाउनवरून येऊन फ्रीजर उघडला तेव्हा त्याला मटार सापडायला वेळ लागला.

गाडी तयार झाली, पण माणूस तयार व्हायचा होता. मुलीनं आयुष्यात कधी घसरड्या रस्त्यावर गाडी चालवलेली नव्हती. ही गोष्ट माझ्या किंवा भाईंच्या डोक्यात आली नव्हती, तिच्या आली. सुलैबियातच भाईंच्या ओळखीच्या एका गोदामाचं मोठं, गुळगुळीत सिमेंटचं आवार होतं. शुक्रवारी सकाळी ते रिकामं असे. तिथे आम्ही पाइप लावून पाणी सोडलं आणि त्यात भांडी घासायचा साबण ओतला. जुने गुळगुळीत टायर मुद्दाम परत बसवले, कारण तिला गाडी घसरायला हवी होती.

पहिल्यांदा तिनं ब्रेक दाबला तेव्हा गाडी ब्रेक न लावल्यासारखी पुढे गेली आणि फेसात फिरून उलट्या तोंडानं उभी राहिली. भाई दारात उभे होते, त्यांनी कपाळाला हात लावला. ती खाली उतरली नाही. परत मागे गेली आणि परत आली. ब्रेक न दाबता, दुसऱ्या गिअरमध्ये, नुसता पाय उचलून वेग कसा कमी करायचा, मागचं चाक सुटलं की स्टिअरिंग कुठं आणि किती, हे ती करत राहिली. दुपारपर्यंत गाडी तिच्या मनासारखी थांबायला लागली. मग ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "आता तू."

मी पंचवीस वर्षं गाडी चालवते आहे, पण साबणात कधी चालवली नव्हती. मी दोनदा गोल फिरले. तिसऱ्यांदा तिनं शेजारी बसून सांगितलं, "आई, पायानं विचार करू नकोस. लांब बघ." ती शाळेत होती तेव्हा सायकल शिकवताना मी तिला अगदी हेच म्हणाले होते, म्हणून मला हसू आलं. ते तिच्या लक्षात असायचं काही कारण नव्हतं, ती तेव्हा फार लहान होती. पण मी लांब बघितलं आणि गाडी सरळ गेली.

जानेवारीत आम्ही निघालो. सालमीच्या सीमेवर दोन्ही गाड्यांचे कागद झाले, आणि हफर अल-बातिनवरून पश्चिमेकडे रस्ता सुरू झाला. बर्फाच्या टायरना वेगाची मर्यादा असते आणि गरम रस्त्यावर ते लवकर झिजतात, म्हणून मुलगी संथ चालवत होती. वरिष्ठांची गाडी पुढे जाऊन पंपांवर आमची वाट बघायची. सकाकाला मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी तबूकला पोचलो. त्या दिवशी संध्याकाळी हॉटेलच्या पार्किंगमध्ये तिनं टायरची हवा थंडीत पुन्हा मोजली आणि एका लाकडी पट्टीवर लाल चिकटपट्टी लावली. खूण गाडीच्या पोटाच्या उंचीवर होती. मी विचारलं, कशाला. ती म्हणाली, बर्फ त्या खुणेच्या वर गेलं, की गाडी पुढे सरकत नाही, नांगरासारखी अडकते.

डोंगराचा रस्ता सकाळी सुरू झाला. आधी कडेला ढिगारे दिसले, मग दगडांवर पांढरी पूड, मग रस्ताच पांढरा. पर्यटक खूप होते, खाली चहावाले होते, धूर निघत होता. जसजसं वर गेलो तसतशी गर्दी विरळ झाली. मुलगी एका लयीत चालवत होती आणि नव्या टायरचा बर्फावर दबका आवाज येत होता. मी काच थोडी उघडली. नाकाला तो गार वास पहिल्यांदा लागला.

एका रुंद वळणावर तिनं गाडी बाजूला घेतली आणि पट्टी घेऊन खाली उतरली. पुढच्या भागात दोन-तीन ठिकाणी पट्टी खुपसून पाहिली. परत आली तेव्हा बर्फ लाल खुणेला लागलेलं होतं.

"इथपर्यंतच," ती म्हणाली.

पुढची गाडी थांबली. वरिष्ठ उतरून आले. वर अजून फार सुंदर दिसतं, म्हणाले. गाडी इथे ठेवा, आमच्यात बसा, सगळे मिळून जाऊ. त्यांची बायकोही खिडकीतून हात करत होती. खरं सांगायचं तर माझा पाय उचलला होता. इतक्या लांब आलो आणि माथा पाहायचा नाही? मुलीनं त्यांना विचारलं, की टायर कुठले आहेत. त्यांनी सांगितलं, नेहमीचेच, वाळूचे रुंद, पण गाडी चारही चाकांवर चालते. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "सर, चार चाकं चढायला मदत करतील. उतरताना ब्रेक तुमच्याही चारच चाकांना आहेत. तुम्हीही इथून परत फिरावं असं मला वाटतं."

त्यांनी खांदे उडवले, थोडंसंच जाऊन येतो म्हणाले आणि गेले. मी तिच्याबरोबर राहिले.

आम्ही दोघी तिथे बर्फात उभ्या राहिलो. मी हातमोजा काढून मूठभर बर्फ उचललं. फ्रीजरमधलं बर्फ चिकटतं, हे भुरभुरीत होतं, ताज्या रव्यासारखं. तिनं माझे फोटो काढले. आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो आणि खाली वाळवंटाचा तपकिरी पट्टा बघत बसलो. बर्फातून वाळवंट दिसतं, हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

मग वरच्या वळणावर त्यांची गाडी दिसली. ती उतरत होती, आणि चाकं फिरत नसताना उतरत होती. ते बघताना मला सुलैबियाचं आवार आठवलं. गाडी आडवी होत होत कडेच्या दगडी चरात गेली आणि एका बाजूला कलली. जोरात आदळली नाही. दरीची बाजू पलीकडची होती.

मुलगी माझ्या आधी निघाली होती. मी पोचले तेव्हा तिनं वरच्या बाजूचा दरवाजा उघडून धाकट्या मुलाला बाहेर काढून कडेवर घेतलं होतं. कुणाला लागलं नव्हतं. मुलं रडत होती आणि त्यांची आई मोठ्याला जवळ घेऊन उभी होती. वरिष्ठ गाडीभोवती फिरत होते आणि फोनवर रेंज शोधत होते. जे बोलण्यासारखं होतं ते माझ्या मुलीनं आधी सांगितलंच होतं. ती फक्त म्हणाली, "मी यांना खाली सोडते आणि मदत पाठवते. तुम्ही गाडीत बसू नका, वरच्या बाजूला उभे राहा."

मागच्या सीटवर त्या बाई आणि त्यांच्या शेजारी दोन मुलं बसली. मी पुढे. मुलीनं वळणावरच गाडी वळवली आणि खाली निघालो. वर येताना जो रस्ता नुसता पांढरा होता, तो आता चाकांनी दाबला जाऊन काचेसारखा झाला होता. दुसरा गिअर. ब्रेकवर पाय नाही. मी तिच्या हातांकडे बघत होते. घट्ट पकड नव्हती, ती स्टिअरिंगला नुसती सांगत होती. एका उतारावर मागची बाजू थोडी सुटली आणि मागून बाईंनी श्वास आत ओढला. मुलीनं हात थोडासा हलवला, नजर लांबच ठेवली, आणि गाडी सरळ झाली. धाकट्यानं विचारलं, "ताई, ही गाडी तू खाली केलीस ना?" ती म्हणाली, "हो. आणि वर पण मीच केली."

मला त्या क्षणी फार अभिमान वाटला. तिनं किती छान गाडी चालवली, एवढ्याचा तो नव्हता. महिनाभर तिनं एकेका गोष्टीचा विचार केला होता, तिला आवडणारं सगळं तिनं स्वतः काढून ठेवलं होतं, आणि डोंगरावर सगळे पुढे बोलावत असताना ती थांबली होती. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. मला वाटतं, मी त्या वयात थांबले नसते.

खाली चहावाल्यांपाशी दोन स्थानिक भाऊ पिकअप घेऊन उभे होते. त्यांच्याकडे चाकांना लावायच्या साखळ्या आणि ओढायचा दोर होता. मुलीनं मोडक्यातोडक्या अरबीत, पण सगळं नीट सांगितलं: कुठलं वळण, गाडी कुठल्या बाजूला कललेली, वर एकच माणूस. त्यांनी लगेच गाडी काढली. दुपारच्या आत वरिष्ठ आणि त्यांची गाडी खाली आली. एका बाजूला पत्रा चेपला होता, बाकी धड होतं. ते आधी मुलांपाशी गेले, आणि मग माझ्या मुलीसमोर येऊन उभे राहिले. तिनं कागदी पेल्यातला चहा त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तबूकमध्ये ते नाश्त्याला आले आणि म्हणाले, परतीच्या वाटेला लागण्याआधी टायरच्या दुकानात यायचंय, मला काही कळत नाही, तू बरोबर चल. आम्ही सगळेच गेलो. दुकानदारानं त्यांच्या गाडीचं एक चाक काढून समोर ठेवलं. माझी मुलगी उकिडवी बसली, अंगठ्याचं नख रबरात दाबून बघितलं, बाजूवर छापलेले आकडे वाचले आणि वरिष्ठांना एकेक समजावून सांगू लागली. ते कंबरेत वाकून ऐकत होते, मधेच प्रश्न विचारत होते. दुकानदारानं मला खुर्ची दिली, आणि अरबीत विचारलं, की ही बाई कुठल्या कंपनीची मेकॅनिक आहे.

मी म्हटलं, "बिन्ती." माझी मुलगी.